घरचा धंदा : गिऱ्हाईक कोणत्या नावाने हाक मारते?



आपल्या जळगाव-धुळ्याकडे घरचा माल करून विकणारी मंडळी आता गावोगाव झाली आहेत. कुठे बचत गटाच्या बाया पापड लाटतात, कुठे सासू-सुना मिळून बिबडे घालतात, कुठे केळीचे वेफर्स तळले जातात, तर कुठे काळा मसाला कुटला जातो. त्यातल्या बऱ्याच जणांनी वेबसाइट काढली आहे. शहरातल्या कुणा ओळखीच्या पोराने ती करून दिली, पाच-दहा हजार रुपये घेतले, वर एक हसऱ्या बाईचा फोटो लावला आणि तो आपल्या वाटेने गेला. पुढे वर्ष सरते. पापडाचे डबे फळीवर तसेच राहतात. वेबसाइटवर कोण फिरकते म्हणाल, तर घरचीच माणसे आणि फार तर पुण्याचा भाचा.

मग दुसरा कुणी फोन करतो. "तुमची वेबसाइट गूगलवर पहिली आणून देतो, इतके हजार द्या" म्हणतो. गटाच्या बायांनी महिन्याला शंभर-शंभर टाकून जमवलेला पैसा असा जायला वेळ लागत नाही. म्हणून आज या सदरात शब्दांविषयी बोलायचे आहे. विषय नवा आहे, पण बाजारात माल नेणाऱ्या माणसाला अवघड नाही.

तुमच्या वेबसाइटचे नाव गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. ते मोबाइल उघडते आणि गूगलवर दोन-चार शब्द टाकते. त्या शब्दांना जी पाने जुळतात ती गूगल ओळीने दाखवते. पहिल्या पानावर साधारण दहा नावे असतात आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा वरच्या तीन-चारांतच अडकते. या शब्दांना धंद्यातले लोक कीवर्ड म्हणतात, आपण शोधशब्द म्हणू. गिऱ्हाईक ज्या नावाने हाक मारते, त्या नावाला तुम्ही ओ दिली पाहिजे. हाक एका नावाची आणि ओ दुसऱ्याच नावाला, असे झाले तर माल कितीही चोख असो, गाठ पडायची नाही.

आता कोणत्या नावाला ओ द्यायची? पेठेत भाव कशावर ठरतो हे तुम्हाला सांगायला नको. मागणी किती आणि आवक किती, यावर. शब्दांचेही तसेच आहे. एखादा शब्द किती लोक टाकतात ही त्याची मागणी. त्या शब्दाला ओ देणारी किती पाने आधीच बसलेली आहेत आणि ती किती जोरकस आहेत, ही त्याची आवक, म्हणजे स्पर्धा. पण नवखा माणूस फक्त मागणी पाहतो आणि मोठ्या शब्दामागे धावतो. आवकेकडे त्याचे लक्षच नसते.

'पापड' हाच शब्द घ्या. देशभर तो केवढे लोक शोधत असतील! पण त्या शब्दावर आधी कोण बसले आहे ते बघा. मोठमोठ्या ऑनलाइन दुकानदार कंपन्या, पाककृतींचे व्हिडिओ आणि लिज्जतसारखे नाव. लिज्जतची सुरुवात 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन केली होती, म्हणजे तेही एके काळी तुमच्यासारखेच घरचे काम. पण साठ-पासष्ट वर्षांच्या नावाशी तुमची सहा महिन्यांची वेबसाइट त्याच शब्दावर झुंजू शकत नाही. तुमचे पान लागले तरी पाचव्या-सहाव्या पानावर लागेल, आणि तिथवर कोण जातो? लाख लोकांनी शब्द टाकला तरी तुमच्या वाट्याला शून्यच.

याउलट 'बिबडे' घ्या. ज्वारी भिजवून, शिजवून, तीळ-लसूण-मिरची घालून कापडावर पातळ पसरून वाळवलेले आपले बिबडे. हा शब्द मुंबईच्या मूळ माणसाला माहीतही नसेल. तो टाकणारे लोक थोडेच. पण ते कोण? सुरतेला, पुण्याला, नाशिक-कल्याणला नोकरीधंद्यासाठी गेलेली आपलीच माणसे. त्यांना बिबडे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही, 'आमचे का घ्यावे' हेही फारसे पटवावे लागत नाही. त्यांना फक्त कुठे मिळतील एवढेच हवे आहे. हिशेबासाठी धरून चला की महिन्याला दोनशे जण हा शब्द टाकतात आणि तुम्ही वरच्या दोघा-तिघांत आहात. त्यातले चाळीस जरी तुमच्या पानावर आले आणि त्यातल्या चौघांनी दोन-दोन किलो मागवले, तरी महिन्याला आठ किलो माल घरबसल्या गेला. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, खरे आकडे तुम्ही स्वतः काढायचे. पण लाखातले शून्य आणि दोनशेतले चार यांतला फरक लक्षात यावा.

मात्र थोडी मागणी आणि थोडी स्पर्धा म्हटले की शब्द चांगलाच, असेही समजू नका. ज्या बाजारात कुणी दुकान मांडत नाही तिथे कधी कधी गिऱ्हाईकच नसते. एखाद्या पदार्थाला तुम्ही घरातल्या घरात नवेच नाव दिले आणि त्या नावाने पहिले आलात, तर त्यात पुरुषार्थ काय? ते नाव तुमच्याशिवाय कुणी टाकतच नाही. "बघा, पहिला नंबर आणून दिला" असे दाखवणारे पुष्कळदा असल्याच शब्दावर आणून देतात. तुमच्या दुकानाचे पूर्ण नाव टाकून तुमचेच दुकान वर आले, यात त्यांची करामत काही नाही.

मागणी पाहायची कशी, ते सांगतो. सर्वांत सोपी आणि फुकट रीत म्हणजे गूगलच्या रकान्यात शब्द अर्धा लिहून थांबणे. 'खान्देशी' एवढेच लिहा आणि खाली काय काय सुचवले जाते ते पाहा. लोक जे पुष्कळदा शोधतात त्यावरूनच गूगल ते सुचवत असते. मसाला येईल, शेवभाजी येईल, आणखी काही येईल. मग 'खान्देशी पा', 'खान्देशी म' असे एकेक अक्षर पुढे नेऊन बघा आणि वहीत उतरवून घ्या. हे काम तुमच्या मोबाइलवर करा आणि सुरत-पुण्याच्या नातेवाइकालाही त्याच्या मोबाइलवर करायला सांगा, कारण गूगल माणूस कुठे बसला आहे आणि त्याने पूर्वी काय शोधले आहे हेही पाहते. जळगावात बसून, रोज स्वतःचीच वेबसाइट उघडून, 'आमचे तर वरच येते' म्हणणे म्हणजे आपल्याच ओट्यावर बसून गावात आपला मान मोजणे.

दुसरे साधन गूगल ट्रेंड्स. तेही फुकट. त्यात 2004 सालापासूनची माहिती असते. दोन शब्द शेजारी ठेवा, महाराष्ट्र निवडा, मग गुजरात निवडा, आणि कोणता शब्द जास्त चालतो, कोणत्या महिन्यात चढतो, ते रेघेवरून कळते. एक खबरदारी मात्र घ्या. त्यात शून्य ते शंभर असे जे आकडे दिसतात ते माणसांची मोजदाद नव्हेत. निवडलेल्या काळातला सर्वांत चढता बिंदू म्हणजे शंभर, आणि बाकीचे त्याच्या प्रमाणात. म्हणजे एखाद्या शब्दाचा शंभर हा दुसऱ्याच्या शंभराएवढा नसतो, जोवर दोन्ही एकाच वेळी शेजारी ठेवत नाही. आणि 'बिबडे'सारख्या लहान शब्दाला 'पुरेशी माहिती नाही' असे उत्तर आले तर हिरमुसू नका. त्याचा अर्थ कुणी शोधतच नाही असा होत नाही.

तिसरे साधन गूगलच्याच जाहिरात खात्यातले, कीवर्ड प्लॅनर नावाचे. त्यात महिन्याला किती वेळा शब्द शोधला गेला त्याचा अंदाज मिळतो. जाहिरातीवर पैसे न घालणाऱ्याला मोघम आकडे दिसतात, दहा ते शंभर, शंभर ते हजार असे. आपल्याला तेवढे पुरे. खाते उघडताना मात्र घाईने जाहिरात चालू करून बसू नका, आणि कार्डाचा नंबर देण्याआधी घरातल्या शिकलेल्या पोरीला शेजारी बसवा.

या प्लॅनरमध्ये 'स्पर्धा' नावाचा एक रकाना असतो. कमी, मध्यम, जास्त. पुष्कळ जण तो वाचूनच फसतात. त्याचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. 1998 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात बिल ग्रॉस नावाच्या गृहस्थाने गोटू डॉट कॉम नावाची शोधसेवा काढली आणि शब्दांचा चक्क लिलाव मांडला. ज्याची बोली जास्त त्याचे नाव वर, आणि कुणी नावावर टिचकी मारली की तेवढे पैसे द्यायचे. आपल्या मार्केट यार्डातल्या हर्रासासारखेच म्हणा ना. गूगलने 2000 साली आपली जाहिरात सेवा सुरू केली आणि पुढे तीही बोलीवरच चालू लागली. बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही पाहू लागली, एवढाच फेर. प्लॅनरमधला 'स्पर्धा' हा रकाना त्या लिलावाचा आहे. किती जाहिरातदार त्या शब्दावर बोली लावायला उभे आहेत, एवढेच तो सांगतो. जाहिरात न देता, फुकटच्या ओळीत वर येणे किती अवघड आहे, हे तो सांगत नाही. जिथे जाहिरातदार एकही नाही तिथे फुकटच्या ओळीत दहा दणकट पाने बसलेली असू शकतात, आणि उलटही असू शकते.

मग खरी स्पर्धा पाहायची कशी? स्वतः डोळ्यांनी. मोबाइलवर गुप्त खिडकी उघडा, म्हणजे तुमचा जुना इतिहास मध्ये येत नाही. शब्द टाका आणि पहिल्या पानावरची दहाही नावे एकेक उघडून वाचा. तासभर जाईल, जाऊ द्या. पेठेत जाऊन इतरांचा माल हातात घेऊन बघितल्याशिवाय आपण आपली गोणी उघडतो का? दहापैकी किती मोठ्या कंपन्या आहेत? किती पाने खरोखर त्याच वस्तूबद्दल आहेत, आणि किती ठिकाणी तो शब्द कुठल्या तरी लेखात ओझरता आला आहे? जुनी बातमी, कुणीतरी विचारलेला आणि उत्तर न मिळालेला प्रश्न, भलत्याच वस्तूचे पान, असे वर बसलेले दिसले तर खुशाल समजा की जागा रिकामी आहे. गूगलला द्यायला चांगले उत्तर नाही म्हणून त्याने हे दिले आहे. 'इतके लाख निकाल सापडले' असा आकडा कुणी दाखवला तर त्याने मात्र घाबरून जाऊ नका. तुमची झुंज पहिल्या दहांशी आहे, लाखांशी नाही.

आणखी एक खूण. त्या पानावर सगळे व्हिडिओच दिसत असतील, तर लोकांना तो पदार्थ करायला शिकायचे आहे, विकत घ्यायचा नाही. सगळी दुकानेच दिसत असतील तर विकत घ्यायचा आहे. लोकांच्या मनात काय आहे ते गूगलने पुष्कळ वर्षे पाहून ठरवलेले असते. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

यावरून मूळ मुद्द्याकडे येतो, कारण आपल्या भागातली मंडळी सर्वांत जास्त इथेच चुकतात. शब्दाला मागणी असणे आणि तुमच्या मालाला मागणी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'केळी भाव' हा शब्द पाहा. आपल्याकडे तो रोज शोधला जातो. पण शोधतो कोण? रावेर-यावल-चोपड्याचा शेतकरी, ज्याची स्वतःची केळी कापणीला आली आहे आणि बऱ्हाणपूरला, सावद्याला आज काय निघाले हे ज्याला जाणायचे आहे. तो केळी विकणारा आहे, घेणारा नव्हे! त्या शब्दावर तुमच्या वेफर्सचे पान वर आले तरी त्याला काय उपयोग? तो बिचारा चिडून परत जाईल. 'केळी लागवड' शोधणाराही शेतकरीच. 'केळी खाण्याचे फायदे' शोधणारा बहुधा डझनभर केळी घेऊन आधीच घरी बसलेला असतो. असल्या माहितीच्या प्रश्नांना तर 2024 पासून गूगल पुष्कळदा वरच्या वर स्वतःच यंत्राने तयार केलेले उत्तर देऊन टाकते. खाली कुणी उतरतच नाही.

आणि 'जळगाव' आणि 'आजचा भाव' हे शब्द जोडून काही करू पाहाल, तर आधी आपली सराफ पेठ आठवा. जळगावच्या सोन्याचे नाव महाराष्ट्रभर आहे. तो भाव विचारणाऱ्याला तुमच्या मसाल्याच्या किलोमागच्या दराशी काही कर्तव्य नाही.

म्हणून शब्दाच्या शेपटाकडे लक्ष द्या. 'कसे करतात', 'रेसिपी', 'फायदे', 'मराठी माहिती' असे शेपूट असेल तर तो माणूस वाचायला आला आहे. 'विकत', 'घरपोच', 'कुठे मिळेल', 'किलो', 'होलसेल', 'पुण्यात' असे शेपूट असेल तर त्याच्या हातात पिशवी आहे. शेपूट लावले की मागणीचा आकडा लहान होतो, पण स्पर्धाही एकदम ओसरते आणि येणारा माणूस पक्का असतो. माझे मत विचाराल तर नव्या घरगुती धंद्याने पहिली दोन वर्षे शेपटाशिवायच्या शब्दाला हातच लावू नये.

आपल्या भरिताच्या वांग्यावरून हे नीट कळेल. जळगावच्या भरीत वांग्याला आणि जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे तुम्हाला ठाऊक असेल. आता 'भरीत' या एका शब्दामागे किती तऱ्हेची माणसे उभी आहेत बघा. दिल्लीकडचा माणूस 'बैंगन का भरता' म्हणतो. त्याला ती पंजाबी कांदा-टोमॅटोची भाजी हवी असते, कपाशीच्या काड्यांवर भाजून हिरव्या मिरचीबरोबर ठेचलेले आपले भरीत नव्हे. त्या शब्दावर जाऊच नका. 'वांग्याचे भरीत रेसिपी' वाली बाई स्वतः करणार आहे, तिला कळण्याचे पीठ विकता येईल, भरीत नाही. 'जळगाव भरीत तयार' किंवा 'भरीत पार्टी जळगाव' म्हणणारा माणूस आज संध्याकाळी दहा मित्रांना जेवू घालणार आहे, आणि तयार भरीत काही कुरिअरने पाठवता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी जळगाव हे नाव शब्दात हवेच. अशा धंद्याने तर वेबसाइटच्या आधी गूगलच्या नकाशावर आपल्या दुकानाची फुकट नोंद करावी. 'भरीत वांगे बियाणे' आणि 'भरीत वांगे रोपे' म्हणणारा मात्र शेतकरी आहे. इथे शेतकरी हेच गिऱ्हाईक, म्हणून रोपवाटिकेवाल्याला हा शब्द सोन्यासारखा. वस्तू एकच आणि माणसे चार. एकाच पानावर चौघांनाही बोलवायला गेलात तर एकही यायचा नाही. एका हाकेला एक पान, हे धोरण ठेवा.

कधी कधी अगदी तुरळक शोधला जाणारा शब्दही मोठा माल हलवतो, हेही लक्षात असू द्या. 2021 सालच्या जून महिन्यात रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची मानांकन मिळालेली 22 टन केळी दुबईला गेली. परदेशातला घेणारा वेबसाइटवरून शोधायला लागला, तर तो 'केळी' म्हणून शोधणार नाही. तो इंग्रजीत जळगाव, मानांकन, निर्यातदार असे शब्द जोडेल, आणि असे करणारे वर्षाकाठी मोजकेच असतील. पण शेतकरी गटाला त्यातला एक मिळाला तरी वर्षाचे सोने होते. डझनावारी विकणाऱ्याने शंभर माणसे मोजावीत, कंटेनर भरणाऱ्याने एकच माणूस शोधावा. मागणीचा आकडा आपल्या मालाच्या मापाने वाचायचा असतो.

भाषेची गंमत तर निराळीच आहे. आपण 'वरण-बट्टी' म्हणतो. राजस्थानी 'दाल बाटी' हा शब्द त्याहून किती तरी मोठा, पण त्यावर राजस्थानाची सगळी उपाहारगृहे बसलेली आहेत आणि शोधणाऱ्याला हवी असते ती त्यांची बाटी. तुम्ही गहू-मक्याचे जाडसर दळलेले बट्टीचे पीठ विकत असाल तर 'बट्टीचे पीठ' हाच तुमचा शब्द. पण सगळीकडे आपलाच शब्द धरून बसणेही बरे नाही. बिबड्यांच्या पानावर एका ओळीत 'ज्वारीचे पापड' असेही आले पाहिजे, कारण पुण्याच्या सुनेला सासरचा शब्द अजून रुळलेला नसतो. नवऱ्याला आवडतात म्हणून ती शोधते, पण तिच्या शब्दाने. शिवाय पुष्कळ लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात, आणि त्यात कुणी एक 'ई' लावतो, कुणी दोन, कुणी 'डी' लिहितो तर कुणी 'आर'. गूगल बरेचसे समजून घेते. तरी पानाच्या मथळ्यात देवनागरी आणि मजकुरात एकदा इंग्रजी अक्षरांत नाव असू द्यावे. आजी-आजोबा तर लिहीतच नाहीत, मोबाइलला तोंडाने विचारतात, "खान्देशी बिबडे कुठे मिळतील?" असे अख्खे वाक्य. तेच वाक्य तुमच्या पानावर प्रश्न म्हणून लिहून खाली सरळ उत्तर द्या.

हे शब्द शोधायला पैसे लागत नाहीत. मागच्या वर्षभरात ज्यांनी फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर माल मागवला त्यांचे निरोप काढा आणि त्यांनी वस्तूला काय नाव घेतले ते जसेच्या तसे वहीत लिहा. "ताई, ते लसणाचे बिबडे आहेत का", "उपवासाचे वेफर्स पाठवाल का", "दोंडाईच्याची मिरची घातलेला मसाला हवा". यातला प्रत्येक शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडचा आहे. वेबसाइट करणारा पोरगा आपल्या मनाने 'पारंपरिक चवींचा अस्सल खजिना' असे काहीतरी लिहितो. त्या नावाने आजवर कुणी काही मागवले आहे काय?

आता पैसे मागणाऱ्यांविषयी. "तुमच्या वेबसाइटमध्ये पन्नास कीवर्ड आतून भरून देतो" असे कुणी म्हणाले, तर तो बहुधा पानाच्या आतल्या न दिसणाऱ्या कीवर्डच्या रकान्याविषयी बोलत असतो. क्रम लावताना आपण तो रकाना विचारातच घेत नाही, असे गूगलने 2009 साली जाहीर केले आहे. त्यासाठी एक रुपयाही देऊ नका. एकच शब्द पानावर वीस-तीस वेळा कोंबून देणारा तर नुकसानच करतो, कारण असे कोंबणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. आणि पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलच सांगते. हमी देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

एक काम मात्र त्याच्याकडून आवर्जून करून घ्या. सर्च कन्सोल नावाची गूगलची फुकट सोय आहे, तिला तुमची वेबसाइट जोडून घ्या, आणि तीही तुमच्या स्वतःच्या खात्यावर, त्याच्या नव्हे. वेबसाइटचे नावसुद्धा तुमच्याच नावावर नोंदलेले आहे की नाही ते तपासा. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून कुणी विहीर खणते का? या कन्सोलमध्ये लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले, कोणत्या शब्दाला तुमचे पान किती वेळा दिसले आणि सरासरी कितव्या क्रमांकावर दिसले, हे सोळा महिन्यांपर्यंतचे पाहायला मिळते. महिन्यातून एकदा उघडा. जिथे तुम्ही अकराव्या ते विसाव्या क्रमांकावर आहात ते शब्द आधी वेचा. तिथे गूगलने तुम्हाला ओळखले आहे, पण उंबऱ्याबाहेर उभे केले आहे. त्या शब्दासाठीचे पान नीट लिहा. माल कसा करता, कोणत्या गावी करता, किलोला किती पडतो, सुरतेला किती दिवसांत पोचतो, हे सगळे स्वतःचे फोटो काढून सांगा. पुष्कळदा एवढ्यानेच पान आत येते. दुसरीकडे, सहा महिने झाले तरी पन्नासाव्याच्या पुढेच असलेला शब्द सोडून द्या. खडकावर किती दिवस नांगर चालवायचा?

शेवटी हंगामाचे. आज पान लिहिले आणि उद्या वर आले असे होत नाही. आठवडे लागतात, कधी महिने. गिऱ्हाईक शोधायला लागल्यावर पान लिहायला बसणे म्हणजे पाऊस पडल्यावर बी आणायला धुळ्याला जाणे. ट्रेंड्सवर रेघ कोणत्या महिन्यात चढते ते पाहा आणि त्याच्या तीन-चार महिने आधी कामाला लागा. उपवासाच्या वेफर्सचे पान आषाढी एकादशीसाठी हवे असेल तर ते होळीच्या सुमारास चढलेले असावे, म्हणजे पुढे श्रावण आणि नवरात्रही त्यातच साधेल. बिबडे-पापडांचे पान दिवाळी आटोपली की लिहायला घ्या. आणि कळण्याच्या पिठाचे, थंडीतल्या भरितासाठीचे पान गणपती बसण्याच्या आत तयार ठेवा.